शवपेटीतून येणारी दारू

'सम लाइक इट हॉट' म्हटलं की बहुतेकांना मेरिलिन मन्रो आठवते, नाहीतर बायकांचे कपडे घालून रेल्वेत चढलेले टोनी कर्टिस आणि जॅक लेमन. बिली वाइल्डरच्या या १९५९च्या सिनेमात मला मात्र सुरुवातीचा भाग पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. त्यात मन्रो अजून आलेलीही नसते.

शिकागो, १९२९. रात्री शववाहिका चाललीय, मागे पोलीस. गोळीबार होतो आणि शवपेटीतून दारू गळायला लागते. ही पेटी जाते अंत्यविधीचं सामान करून देणाऱ्या एका दुकानात. म्हातारीच्या मयताला आलोय असं सांगितलं की तिथलं मागचं दार उघडतं. आत बँड, नाचणाऱ्या मुली, आणि कॉफीच्या कपांतून व्हिस्की.

अमेरिकेत जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ दारूबंदी होती. दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं हा गुन्हा होता, पिणं नव्हे! या फटीतून 'स्पीकईझी' नावाचे छुपे गुत्ते फोफावले. आता आपल्याकडेही त्या नावाने चोरदरवाज्याचे बार निघालेत. पकडलं जायची भीती वजा केली, की उरतं ते इन्स्टाग्राम.

वाइल्डर ती भीती वजा करत नाही. शवपेटीचा विनोद तो पुढे खरा करतो. गुत्त्याची टीप देणारा माणूस लवकरच एका गॅरेजात गोळ्या खाऊन मरतो. हा प्रसंग १४ फेब्रुवारी १९२९ला शिकागोत खरोखर झालेल्या सात जणांच्या हत्याकांडावर बेतलाय. आणि ज्याचा हा गुत्ता, तो स्पॅट्स स्वतःच्याच टेबलावर काय घेऊन बसलाय? ताक! धंद्याबद्दल याहून नेमकं काही क्वचितच दाखवलं गेलं असेल.

तरी एक गोष्ट खटकते. वाइल्डरला गरिबी दिसते. त्याच्या दोन वादकांवर थंडीत अंगावरचे कोट गहाण टाकायची वेळ येते. पण दारू पिणारे गरीब त्याच्या कॅमेऱ्यात येतच नाहीत. चोरदरवाज्यातून आत जायला पैसे लागायचे. ज्यांच्याकडे ते नव्हते, ते कारखान्यांतल्या अल्कोहोलपासून केलेलं काहीबाही प्यायचे. लोकांनी ते पिऊ नये म्हणून त्यात विष मिसळायचा नियम सरकारचाच होता, आणि १९२७पासून विषाचं प्रमाण वाढवलं गेलं. माणसं मेली. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी सरकारला जाहीरपणे जबाबदार धरलं.

हा सिनेमा आला तेव्हा आपली मुंबईही कोरडी होती, १९४९च्या कायद्याने. डॉक्टरचा कागद मिळवू शकणाऱ्यांना परमिट, बाकीच्यांना 'आंटी'. बऱ्याचदा ती गोव्याकडची ख्रिस्ती बाई असायची. राहत्या घरातच ती हातभट्टीची विकायची. ना बँड, ना कॉफीचे कप. अशा आंटीवर बेतलेला, वाइल्डरइतका हसवणारा सिनेमा बघायला मला फार आवडेल. पण तिथे एक प्रसंग वेगळा लिहावा लागेल. शिकागोत धाड पडते तेव्हा दोघं वादक आपापली वाद्यं उचलून सटकतात. आंटी कुठे सटकणार? धाड तिच्या घरावरच पडलेली असणार, आणि मुलं आत झोपलेली.