साचेखाते आणि स्वभावाचे साचे

परळ-लालबागच्या गिरण्या गेल्या आणि त्यांच्या जागांवर काचेची कार्यालये उभी राहिली. या कार्यालयांत आता 'कोच' नावाचा मार्गदर्शक येतो. तो नोकरदाराला आधी एक प्रश्नावली भरायला देतो आणि तिच्यावरून त्याचा स्वभाव, त्याची मूल्ये, त्याची वागण्याची रीत ठरवतो. आपल्या वस्त्यांतून शिकून वर आलेली मुलेमुलीही या टेबलापुढे बसू लागली आहेत. म्हणून या चाचण्यांची चिकित्सा आपण केली पाहिजे.

यांतली सर्वांत गाजलेली चाचणी मायर्स-ब्रिग्ज. युंगने 1921 मध्ये मांडलेल्या मानसप्रकारांच्या आधारे कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज-मायर्स या अमेरिकन मायलेकींनी ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रचली. तिच्यात माणसांचे सोळा प्रकार आहेत. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांचा प्रकार बदलतो, ही टीका मानसशास्त्रज्ञांनीच केली आहे. माझा आक्षेप त्याहून निराळा आहे. अशा चाचण्या विचारतात : अनोळखी लोकांत तुम्ही मोकळेपणाने बोलता का? मी विचारतो, कोणत्या लोकांत? त्यांनी तुमचे आडनाव ऐकण्यापूर्वी की ऐकल्यानंतर?

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा (संग्रह 1963) या दृष्टीने पुन्हा वाचावी. तिचा नायक जात लपवून रेल्वेत नोकरी करतो. त्याची बुद्धी, त्याचे बोलणे यांनी सहकारी भारावून जातात. जात उघड होते आणि तोच माणूस मार खातो. काशिनाथ मात्र जात लपवत नाही. अपमानाला तो अंगावर घेतो. आता दोघांना प्रश्नावली द्या. एक 'जुळवून घेणारा' ठरेल, दुसरा 'आक्रमक'. एकाच दाहाला दोघांनी दिलेली ही दोन उत्तरे आहेत, हे त्या कागदावर कुठे उमटेल? लेखकाने परिस्थितीसकट माणूस उभा केला. चाचणी परिस्थिती खरवडून टाकते आणि उरलेल्याला स्वभाव म्हणते.

गिरणगावाला ही रीत नवी नाही. विणाईखात्यात, म्हणजे साचेखात्यात, पगार जास्त होता. पण अस्पृश्य कामगाराला तिथे मज्जाव होता. कांडी बदलताना धोट्यातून धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगारांना त्या धोट्याचा विटाळ होई. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. तेव्हा निदान कारण उघड होते. त्याच्याशी भांडता येत होते. आज जर अहवालात 'नेतृत्वाची ओढ कमी' असे छापून आले तर भांडायचे कोणाशी? दार बाहेरून बंद होते, आता कडी आतून लागली आहे असे सांगितले जाते.

मूल्यांचेही तेच. बी.डी.डी. चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत वाढलेली, घरातली पहिली पदवीधर मुलगी 'साहस' आणि 'स्थैर्य' यांतून स्थैर्य निवडते. 1982 च्या संपात ज्या घरातली नोकरी गेली, त्या घराने स्थैर्याची किंमत मोजलेली असते. हा तिचा भित्रेपणा नव्हे. हा घरचा हिशेब आहे. पाठीशी वडिलोपार्जित फ्लॅट असलेल्याचे साहस आणि तिचे स्थैर्य एकाच मापाने कसे मोजणार?

अमेरिकेतल्या काळ्या कामगारांनी हा प्रश्न न्यायालयात नेला. नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या वीजकेंद्रात त्यांना फक्त मजुरी खात्यात काम मिळे. 1965 मध्ये नागरी हक्क कायद्यातील रोजगाराची तरतूद अमलात आली, त्याच दिवशी कंपनीने नव्या भरतीसाठी चाचण्या लागू केल्या. त्या स्वभावाच्या नव्हत्या, बुद्धीच्या व कुशलतेच्या होत्या. 1971 मध्ये ग्रिग्ज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चाचणीचा त्या कामाशी संबंध दाखवता आला पाहिजे. माणसाला हवेत मोजून चालणार नाही. साचेखात्याची आठवण असलेल्यांना हा निकाल परका वाटू नये.

चाचणीतून बोलण्याला सुरुवात होऊ शकते, हे मी नाकारत नाही. स्वतःविषयी बोलायची सवय नसलेल्याला चार शब्द मिळत असतील तर ते घ्यावेत. पण अहवाल ज्याचा त्याच्या हातीच राहावा, मालकाकडे जाऊ नये. मायर्स-ब्रिग्जची चाचणी भरतीसाठी वापरू नये असे तिचा पुरस्कार करणाऱ्या संस्थाही सांगतात. हे नोकरदाराला आधीच कळले पाहिजे. आणि प्रत्येक प्रश्नापुढे 'कोणासमोर?' हा उपप्रश्न लिहायची मुभा त्याला असावी.

वस्तीत मार्गदर्शन वर्ग चालवणाऱ्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी ही सुरुवात करावी. जिथे हा उपप्रश्न चालणार नाही, तिथे तो कागद कोरा परत करण्याचा आपल्या मुलांना हक्क आहे. तसा कागद कोणी परत केला, तर त्यालाही स्वभावदोष म्हणू नये.