संबोधनातील सत्ता : ब्राउन-फोर्ड सिद्धान्ताचे परीक्षण

प्रमाण इंग्रजीतून एकेरी सर्वनाम लोपले आणि त्यामुळे ती भाषा बोलणाऱ्या समाजात समतेचा मार्ग सुकर झाला, असा एक समज आपल्याकडील अभ्यासकांतही आढळतो. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतून निवड केल्यावाचून वाक्य पुढे सरकत नाही. इंग्रजीत एका 'यू'ने काम भागते. परंतु सर्वनामाने टाकलेले ओझे तेथे विशेषनामाने उचलले आहे. युद्धोत्तर अमेरिकेत कृष्णवर्णीयांनी दिलेल्या नागरी हक्कांच्या लढ्यात याचा पुरावा विपुल सापडतो. त्या पुराव्याच्या प्रकाशात एका प्रसिद्ध सिद्धान्ताची परीक्षा करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील सर्वनामांचा विचार 'सत्ता' आणि 'ऐक्यभाव' या दोन तत्त्वांच्या आधारे केला. पुढील वर्षी ब्राउन यांनी मार्गरीट फोर्ड यांच्यासह अमेरिकन इंग्रजीतील संबोधनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधुनिक अमेरिकन नाटके, बोस्टनमधील एक कचेरी इत्यादी ठिकाणांहून मिळविलेल्या सामग्रीवरून त्यांनी तीन आकृतिबंध दाखविले : दोघांनी परस्परांस पहिल्या नावाने हाक मारणे, दोघांनी उपपदासह आडनाव वापरणे, आणि एकाने पहिले नाव तर दुसऱ्याने उपपद वापरणे. तिसऱ्या, म्हणजे विषम आकृतिबंधाची कारणे त्यांच्या मते दोन : वय आणि व्यवसायातील स्थान. ओळख वाढत जाते तसे संबोधन उपपदाकडून पहिल्या नावाकडे सरकते, आणि या सरकण्याचा आरंभ वरिष्ठाकडून होतो, असाही त्यांचा निष्कर्ष आहे.

या मांडणीची सुबोधता आणि उपयुक्तता वादातीत आहे. तथापि तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. अनोळखी माणसास उपपद मिळते, ही तिची आरंभरेषा होय. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ही आरंभरेषाच सर्वांना उपलब्ध नव्हती. तेथील रूढीप्रमाणे गोरे लोक कृष्णवर्णीयास 'मिस्टर' वा 'मिसेस' म्हणत नसत. पहिले नाव, प्रौढ पुरुषास 'बॉय', वृद्धांस 'अंकल' किंवा 'आंटी', ही त्यांची संबोधने. उलट दिशेने मात्र उपपद अनिवार्य होते. ही विषमता वयाने ठरत नव्हती आणि व्यवसायानेही ठरत नव्हती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात अन्यायांची जी यादी दिली, तीत हे संबोधनही आहे.

त्याच वर्षी जून महिन्यात अलाबामातील गॅड्सडेन येथील न्यायालयात हा प्रश्न उघडपणे उभा राहिला. वांशिक समतेसाठी कार्य करणाऱ्या 'कोअर' या संघटनेच्या कार्यकर्त्या मेरी हॅमिल्टन साक्ष देत होत्या. सरकारी वकिलाने त्यांना 'मेरी' म्हटले. 'मिस हॅमिल्टन' म्हटल्यावाचून आपण उत्तर देणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. न्यायालयाचा अवमान झाला असे ठरवून त्यांना पाच दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. साक्षीदाराचे नाव 'मेरी हॅमिल्टन' आहे, 'मिस मेरी हॅमिल्टन' नव्हे, असा त्याचा युक्तिवाद होता. भाषेच्या अभ्यासकास यातील दोष तत्काळ दिसावा. व्यक्तीचा निर्देश करणे आणि व्यक्तीस संबोधणे या दोन भिन्न क्रिया असून पहिलीचा निकष दुसरीस लावता येत नाही. ३० मार्च १९६४ रोजी संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. त्याने विस्तृत निकालपत्र लिहिले नाही. न्यायालयात वर्णावरून वेगळी आसने ठेवणे अवैध ठरविणाऱ्या १९६३ च्या एका निर्णयाचा केवळ हवाला दिला. संबोधन हेही एक आसनच आहे, एवढे त्यातून सूचित झाले.

१९६७ साली ॲल्विन पुसँ या मानसोपचारतज्ज्ञाने मिसिसिपीतील जॅक्सन येथील आपला अनुभव लिहिला. पोलिसाने 'बॉय' म्हणून नाव विचारले. त्यांनी 'डॉक्टर'सह आडनाव सांगितले, तर त्याने पहिल्या नावाचाच आग्रह धरला. सुसन अर्विन-ट्रिप यांनी या संवादाचे विश्लेषण करून दाखविले की, हा अपमान नियमांच्या अज्ञानातून घडलेला नाही. दोघांनाही एकच नियमव्यवस्था ठाऊक होती, म्हणूनच अपमान करता आला आणि तो समजलाही. ब्राउन-फोर्ड मांडणीस मिळालेली ही सर्वांत मार्मिक पुरवणी होय.

मराठी वाचकास हे परके वाटू नये. कचेरीतील शिपायास 'मामा' आणि रुग्णालयातील परिचारिकेच्या हाताखालील स्त्रीस 'मावशी' म्हणताना आपण आपुलकी दाखवितो, की 'साहेब', 'बाई' ही पदे राखून ठेवतो, हे तपासण्याजोगे आहे. नातेवाचक शब्द आदर देऊ शकतो, तसा तो आदर चुकवूही शकतो. दक्षिणेतील 'अंकल'ने नेमके हेच केले.

१९६८ साली मेम्फिस येथील सुमारे १,३०० सफाई कामगार संपावर गेले. १ फेब्रुवारी रोजी त्यांचे दोन सहकारी कचरागाडीच्या यंत्रात चिरडून मरण पावले होते. संपकऱ्यांच्या फलकांवर 'आय ॲम अ मॅन' ही अक्षरे होती. 'मी माणूस आहे' हे त्याचे भाषांतर अचूक असले तरी अपुरे आहे. कारण मूळ शब्द 'बॉय'चे खंडन करतो, आणि 'माणूस' या शब्दास 'पोऱ्या'चा तसा विरोध नाही. पण ते फलक केवळ शब्दासाठी नव्हते. वेतन, सुरक्षितता आणि संघटनेची मान्यता या मागण्या त्यांच्यामागे होत्या. १९६४ च्या निर्णयाने मिळालेले उपपद कचरागाडीपर्यंत पोहोचले नव्हते.

म्हणून दोन निष्कर्ष काढणे युक्त वाटते. पहिला असा की, जवळीक उपपदाकडून पहिल्या नावाकडे जाते हा नियम ज्यांना उपपद आधीच मिळाले आहे त्यांच्यापुरताच खरा आहे; इतरांच्या बाबतीत समतेची दिशा नेमकी उलट असते. दुसरा असा की, संबोधनातील बदल हे सामाजिक परिवर्तनाचे गमक असले तरी त्याची हमी नव्हे. बोस्टनच्या कचेरीतून मिळालेला नियम गॅड्सडेनच्या न्यायालयात का टिकला नाही, हे पाहिल्यावर, आपली सामग्री कोणाच्या तोंडून गोळा केली हा प्रश्न संबोधनाच्या प्रत्येक अभ्यासकाने प्रथम स्वतःस विचारला पाहिजे.