ध्वनिभिंत आणि मराठी वर्णमाला

इंग्रजी प्राथमिक शिक्षणात अलीकडे ‘ध्वनिभिंत’ या साधनाचा पुरस्कार होऊ लागला आहे. इंग्रजीत अक्षरे २६, तर ध्वनी सुमारे ४४. म्हणून अक्षराऐवजी ध्वनीपासून आरंभ करावा, उच्चारस्थानानुसार ध्वनी भिंतीवर मांडावेत व प्रत्येकाखाली त्याची लेखनरूपे द्यावीत, असा हा विचार आहे.

पुण्यातील मराठी शाळांत हे साधन आणू पाहणाऱ्यांनी प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य या क्रमाने रचलेला वर्णमालेचा तक्ता ही मुळातच ध्वनिभिंत होय. उणीव आहे ती तो नुसता घोकून घेण्याच्या रीतीत. ‘बाणाचा ण’ म्हणणाऱ्या मुलाला जीभ कोठे टेकते हे सांगितले जात नाही. आणि घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाच्या वहीत मात्र तांबडी रेघ उमटते. न आणि ण यांच्या उच्चारातील जिभेची जागा त्याला दाखविली, तर त्याची घरची बोली न हिणविताही प्रमाण लेखन साधता येईल.

तथापि या तक्त्याची रचना संस्कृत उच्चारांना अनुसरून झालेली आहे, याचा विसर पडू नये. ‘चहा’तील च तालव्य, तर ‘चाक’मधील च दंततालव्य आहे, ‘माझा’मधील दंततालव्य झ ‘माझी’मध्ये तालव्य होतो. चिन्ह मात्र एकच. अशा ठिकाणी एकाच अक्षराला दोन घरे देणारी ध्वनिभिंत खरोखर उपयुक्त ठरेल.

परंतु ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्न तिने सुटणार नाही. ‘मूल’ आणि ‘गुण’ यांतील उकार मराठी माणसाच्या तोंडी सारखाच दीर्घ असतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे पहिला दीर्घ, तर दुसरा तत्सम म्हणून ऱ्हस्व लिहावयाचा. आणि ‘मुलाला’ असे रूप होताच पहिलाही ऱ्हस्व होतो. हा भेद कानाला कळत नाही. त्यासाठी शब्दाचे कूळ माहीत असावे लागते. सहा वर्षांच्या मुलाला ते माहीत नसणे हा अपराध नव्हे.

सारांश, ध्वनिभिंतीचे मोल तिच्या नावीन्यात नाही. कानाने सुटणारी चूक कोणती व व्याकरणाने सुटणारी कोणती, हा विवेक ती शिक्षकाला देईल, तरच तिचा स्वीकार सार्थ होईल. अन्यथा जुन्या तक्त्याच्या जागी नवा तक्ता येईल, आणि तांबडी रेघ तेथेच राहील.