हस्तपुस्तिकेतील स्वयंसेवक : ‘रचनात्मक कार्यक्रमा’चे एक वाचन

सेवाभावी संस्थांनी आपल्या कार्यकर्त्यांसाठी सिद्ध केलेल्या हस्तपुस्तिका समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाहीत. त्यांचे प्रयोजन व्यावहारिक असते, भाषा आज्ञार्थी असते आणि काम संपले की त्या बाजूला पडतात. परंतु आज्ञार्थी वाक्यालाही कर्ता असतो. ‘विहीर स्वच्छ ठेवावी’, ‘प्रौढांना शिकवावे’ अशा प्रत्येक सूचनेत काम करणारा कोण व ज्याच्यासाठी ते करावयाचे तो कोण, हे आधीच गृहीत धरलेले असते. हस्तपुस्तिकेचे सारे गुणदोष या गृहीतापाशी येऊन ठेपतात. या दृष्टीने महात्मा गांधींची ‘रचनात्मक कार्यक्रम’ ही पुस्तिका अभ्यासण्याजोगी आहे.

डिसेंबर १९४१ मध्ये सेवाग्रामहून बारडोलीला जाताना आगगाडीच्या प्रवासात ही पुस्तिका लिहिली गेली, आणि १९४५ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती तयार झाली. या आवृत्तीत जातीय ऐक्यापासून विद्यार्थ्यांपर्यंत १८ विषय येतात. ही यादी परिपूर्ण नसून केवळ दिग्दर्शनपर आहे, अशी लेखकाचीच भूमिका आहे. प्रत्येक कलमात आधी कारण सांगावयाचे, मग कर्तव्य, असा क्रम बहुधा आढळतो. नुसत्या हुकूमनाम्याहून ही पुस्तिका वेगळी ठरते ती या क्रमामुळे. कारण ज्याला कारण कळले, त्याला सूचना संपल्यावरही पुढचे पाऊल स्वतः ठरविता येते.

खादीचे प्रकरण या रचनेचा उत्तम नमुना होय. कापूस पिकविणे, वेचणे, सरकी काढणे, कापूस स्वच्छ करणे, पिंजणे, पेळू करणे, कातणे, खळ लावणे, रंगविणे, ताणा-बाणा तयार करणे, विणणे आणि धुणे अशा सर्व क्रिया तेथे क्रमाने नोंदविल्या असून रंगविणे वगळता बाकीच्या आवश्यक मानल्या आहेत. येथे विचार आणि कृती यांत अंतर उरत नाही. पण या यशाचे कारण केवळ तपशील नव्हे. चरख्यापुढे कार्यकर्ता आणि खेडूत एकाच कामाला बसतात. सेवा करणारा व सेवा घेणारा असा भेद तेथे जवळजवळ मावळतो.

इतर काही प्रकरणांत मात्र तो भेद ठळकपणे उभा राहतो. स्त्रियांविषयीच्या कलमात उपदेश केला आहे तो पुरुष कार्यकर्त्याला : त्याने सुधारणेचा आरंभ स्वतःच्या घरापासून करावा, पत्नीला भोगवस्तू न मानता सेवाकार्यातील सन्मान्य सहकारी मानावे. विचार उदात्त आहे. परंतु स्त्री येथे विषय आहे, वाचक नव्हे. अस्पृश्यतानिवारणाच्या कलमातही हाच प्रकार दिसतो. हे कार्य राजकीय गरज म्हणून नव्हे, तर स्वधर्माचे कर्तव्य म्हणून प्रत्येक हिंदूने आपले मानावे, असे तेथे प्रतिपादन आहे. त्यातील ‘हिंदू’ म्हणजे व्यवहारात सवर्ण हिंदू. ज्याच्यावर अन्याय झाला, तो या वाक्याचा कर्ता होऊ शकत नाही.

यावर असे म्हणता येईल की, दोष सवर्णांचा असल्याने प्रायश्चित्ताची सूचनाही त्यांनाच देणे योग्य होय. नीतिविचार म्हणून हा युक्तिवाद मान्य करावा लागेल. कार्ययोजना म्हणून तो अपुरा ठरतो. अंतःकरण पालटले की नाही, हे पाहण्याचे साधन कोणत्याही संस्थेजवळ नसते. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता येते की नाही, हे मात्र गावातील कोणालाही सांगता येते.

ही उणीव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुस्तिकेच्या पुष्कळ आधी हेरली होती. पुढे हरिजन सेवक संघ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेचे सरचिटणीस अमृतलाल ठक्कर यांना १४ नोव्हेंबर १९३२ रोजी लिहिलेल्या पत्रात त्यांनी दोन दृष्टींमधील भेद स्पष्ट केला. दलितांच्या दुःस्थितीचे मूळ व्यक्तीच्या आचरणात पाहिले, तर मद्यपाननिषेध, वाचनालये, व्यायामशाळा असा कार्यक्रम हाती येतो. ते सामाजिक परिस्थितीत पाहिले, तर विहीर, शाळा, चावडी आणि सार्वजनिक वाहने यांवरील हक्कांची मोहीम हाती घ्यावी लागते. महाड आणि नाशिक येथील अनुभव त्यांच्या पाठीशी होता. खेड्याखेड्यांतून अशी मोहीम चालविणारे कार्यकर्ते कोठून आणावेत, हा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. दलित वर्गातून आलेला कार्यकर्ता हे काम प्रेमाने करील, याची खात्री अधिक बाळगता येते, असे त्यांचे मत होते. त्या वर्गातील प्रत्येक जण विश्वासार्ह असतो, असा भाबडा दावा मात्र त्यांनी केला नाही. हे पत्र हस्तपुस्तिका नव्हे. तरी हस्तपुस्तिकेने प्रथम कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, हे त्यातून कळते. १९४५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आंबेडकरांनी हे पत्र समाविष्ट केले, ही गोष्ट दोन्ही लेखनांच्या तुलनेत लक्षणीय आहे.

कर्ता बदलला की पुस्तिकेचे स्वरूपही बदलते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आढळते. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे आरंभिलेल्या कार्यात आरोग्यसेविका गावातल्याच स्त्रियांमधून निवडल्या गेल्या. त्यांतील अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. ज्ञान पुस्तकात बंद ठेवणे तेथे शक्यच नव्हते. ते वरचेवर होणाऱ्या वर्गांतून, संभाषणातून व एकमेकींच्या अनुभवांतून द्यावे लागले. ज्यांच्यासाठी काम, त्यांच्यातूनच कार्यकर्ती आल्यामुळे शिकविण्याची रीत संस्थेला नव्याने घडवावी लागली.

तेव्हा नवी हस्तपुस्तिका लिहू इच्छिणाऱ्या संस्थेने नियमांची यादी करण्यापूर्वी आपल्या वाक्यांचे कर्ते तपासावेत. ज्यांची सेवा करावयाची, त्यांना त्या पानांवर केवळ कर्मस्थानी ठेवले असेल, तर सूचना कितीही अचूक असल्या तरी काम कार्यकर्त्याच्या उपस्थितीपुरतेच टिकेल. ‘रचनात्मक कार्यक्रमा’चे खादी-प्रकरण आणि त्याच पुस्तिकेतील अस्पृश्यतेचे कलम एकापुढे एक ठेवून वाचणाऱ्याला हा भेद ध्यानात येण्यास अन्य प्रमाणाची गरज भासणार नाही.