उरणविषयक माहितीपटांची संहिता : संशोधन व संपादन

आंतरजालावरील माहितीपटांची चर्चा बहुधा छायाचित्रणापुरती होते. संहितेचे संपादन दुर्लक्षित राहते. उरण तालुक्याच्या इतिहासावरून त्याचे महत्त्व स्पष्ट व्हावे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. पुढे सिडकोसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. अल्पावधीच्या संहितेत हे दोन्ही प्रसंग ‘उरणचे बलिदान’ अशा एकाच वाक्यात बसविणे सोपे असते आणि तेथेच संहिता फसते. पहिल्या प्रसंगी समोर परकीय सत्तेचा जंगल कायदा होता. दुसऱ्या प्रसंगी लोकांनीच निवडून दिलेले शासन. ‘हुतात्मा’ हा सामाईक शब्द निवेदनात आला की हा भेद झाकला जातो आणि शासनाला विचारावयाचा प्रश्नही गळून पडतो.

संशोधन-साहाय्यकाने स्थळेही पारखून घ्यावयास हवीत. १९८४ चा गोळीबार सरसकट ‘जासईचा’ म्हटला जातो; वस्तुतः पहिल्या दिवशी तो दास्तान फाट्यावर, दुसऱ्या दिवशी नवघर येथे झाला. (स्मृतिदिन जासईत पाळला जातो, त्यामुळे हा घोळ होत असावा.) वृद्ध शेतकऱ्यांची आगरी बोलीतील साक्ष प्रमाण मराठीत ‘सुधारून’ निवेदकाच्या तोंडी घालणे याला तर संपादन म्हणताच येणार नाही. ती मूळ आवाजात, उपशीर्षकांसह ठेवावी; त्यापायी बंदरातील कंटेनरांची हवाई दृश्ये थोडी कापावी लागली तरी हरकत नसावी.