मेळावा पांगल्यावर

मराठी वाङ्मयात शाळेची उपेक्षा झाली, असे कोणी म्हणू शकणार नाही. मास्तर, छडी, मागच्या बाकावरची टारगट मंडळी आणि पलीकडच्या रांगेतल्या दोन वेण्या यांवर आपल्या लेखकांनी मनापासून प्रेम केले आणि वाचकांनीही ते लेखन तितक्याच आवडीने वाचले. परंतु शेवटची घंटा झाली की बहुतेक वेळा लेखकाची लेखणीही दप्तरात जाते. फार तर वीस-पंचवीस वर्षांनी नायक शाळेच्या फाटकापाशी येतो, एक सुस्कारा टाकतो आणि कथा संपते. त्या सुस्काऱ्यानंतर काय होते, हे सांगणारा लेखक मात्र शोधावा लागतो.

आज हा प्रश्न घरोघरचा झाला आहे. आमचे लोणखेडे शहाद्याला अगदी लागून. या भागातही दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत दहावीच्या जुन्या तुकड्यांचे मेळावे भरतात. फेटे बांधले जातात, थकलेल्या गुरुजींना शाल-श्रीफळ मिळते, हजेरी घेतली जाते आणि पन्नाशीकडे झुकलेली माणसे 'हजर' म्हणून ओरडतात. त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर गट निघतो. पहिले आठ दिवस त्यावर आठवणींचा पूर लोटतो. महिन्याभराने सकाळची फुले आणि सुविचार उरतात. पुढे निवडणूक आली की दोघांचे वाजते, एक जण रुसून बाहेर पडतो आणि उरलेले गप्प होतात. भेटीची ओढ खरी होती, मग पुढचा संबंध एवढा कोरडा का व्हावा?

याचे उत्तर मला मिलिंद बोकिलांच्या 'शाळा' या कादंबरीत थोडेफार सापडते. २००४ साली आलेली ही कादंबरी आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची आहे. मुकुंद जोशी आणि त्याचे मित्र एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमतात. त्यांचे सारे जग त्या चार भिंतींत मावलेले असते. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते, चौकडी विस्कटते आणि मुकुंद दहावीच्या उंबरठ्यावर एकटा उभा राहतो. हा शेवट अनेकांना चटका लावतो. मला तो चटक्यापेक्षा सत्य म्हणून अधिक मोलाचा वाटतो. ही मैत्री रोजच्या एकत्र असण्यावर उभी होती. ते एकत्र असणे संपले तेव्हा तिच्या पायाखालची जमीनच गेली. बोकील पुनर्भेटीचा गोड तुकडा शेवटी चिकटवीत नाहीत, यात त्यांचा संयम दिसतो. मेळाव्याच्या मंडपात आपण तो तुकडा स्वतः चिकटवू पाहतो आणि दुसऱ्या महिन्यात तो गळून पडतो.

पु. ल. देशपांडे यांचे 'चितळे मास्तर' यापुढे एक पाऊल टाकते. 'व्यक्ती आणि वल्ली' हे पुस्तक १९६२चे. त्यातले मास्तर आपण सारे विनोदासाठी वाचतो आणि शेवटी त्यांच्या झिजलेल्या चपलांपाशी थबकतो. माझ्या मते साऱ्या शब्दचित्राचा अर्थ त्या चपलांत आहे. विद्यार्थी मोठे होतात, दूर जातात, मास्तर मात्र प्रत्येकाची खबर ठेवतात. चालणे त्यांचे, म्हणून झीजही त्यांच्याच चपलांची. साने गुरुजींच्या बाबतीतही हेच दिसते. आमच्या खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये, ते १९२४ ते १९३० शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी त्यांनी हस्तलिखित दैनिक चालवले. पुढे पुतणी सुधा हिला लिहिलेली 'सुंदर पत्रे' घरोघर वाचली गेली. पण ही सारी माया वडीलधाऱ्याकडून धाकट्याकडे वाहणारी आहे. बरोबरीच्या माणसांनी एकमेकांसाठी चपला झिजवल्याचे चित्र आपल्याकडे विरळा.

ते पाहायचे तर पत्रांकडे वळावे. धारवाडचे जी. ए. कुलकर्णी आणि पुण्याच्या सुनीताबाई देशपांडे यांचा पत्रव्यवहार पुस्तकरूपाने वाचायला मिळतो. हे एका बाकावर बसलेले नव्हते. त्यांच्या भेटी थोड्या आणि पत्रे पुष्कळ. ती वाचताना कळते की समोरच्या माणसाने गेल्या वेळी काय लिहिले होते ते आठवणे, त्याला उत्तर देणे, पटले नाही तर तसे सांगणे, यातच स्नेहाचा सारा व्यवहार आहे. एकाच वेळी साठ जणांना पाठवलेले झेंडूचे चित्र कोणालाच उद्देशून नसते. म्हणून त्याला उत्तरही येत नाही. माध्यमाला दोष देण्यात अर्थ नाही. पोस्टकार्डावरही लोक केवळ 'खुशाली कळवावी' एवढेच लिहीत असत.

आता जरा कडू बोलतो. मी शाळामास्तर असल्याने मेळाव्याची यादी पाहिली की मला शाळेचे जनरल रजिस्टर आठवते. त्यात प्रत्येक मुलाचे नाव असते आणि शाळा सोडल्याची तारीख व कारणही असते. मेळाव्याची यादी मात्र बहुधा दहावी पास झालेल्यांची असते. आठवीतच आईबापांबरोबर ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेला सातपुड्यातला मुलगा तिच्यात नसतो. लग्नानंतर नाव-आडनाव बदललेली मुलगी कोणाला सापडत नाही आणि फारसे कोणी शोधतही नाही. नापास झालेला बोलावूनही येत नाही. सगळे आपापल्या हुद्द्यांसह ओळख करून देत असताना त्याने काय सांगावे? आपल्या वाङ्मयाची यादीही पुष्कळशी अशीच आहे. आठवण काढणारा नायक बहुधा शिकून शहरात गेलेला असतो. जो गावात राहिला, त्याला त्या मित्राची आठवण कशी येत असेल, हे क्वचितच कोणी लिहिते. ती कादंबरी लिहिली गेली तर तिला सुस्काऱ्यावर थांबता येणार नाही. तिला दवाखान्याचे बिल, मुलीची फी, उसने दिलेले पैसे आणि ते परत मागता न येणारा संकोच, या साऱ्यांतून जावे लागेल. मैत्रीची खरी गोष्ट तिथेच सुरू होते आणि कादंबरीकाराला लागणारे द्रव्यही तिथेच आहे.

लेखकांकडे हे मागणे मागताना वाचकांनाही थोडे सांगावेसे वाटते. साठ जणांशी जवळीक कोणालाच झेपत नाही, दोघा-तिघांशी झेपते. फराळाची ताटे आवरल्यावर गटावर दिव्याचे चित्र जरूर टाका. पण त्याआधी एकाला फोन करा आणि मेळाव्यात तो जे सांगत असताना कोणीतरी फोटोसाठी हाक मारली होती, ते पुढचे विचारा. आणि यादीत नसलेल्या एकाचा पत्ता शाळेत जाऊन काढा. रजिस्टर जुने असले, तरी नाव तिथे असेल.