चित्रांतील दालन आणि इतिहासाचा पुरावा

(१)

कागदपत्र, ताम्रपट, शिलालेख व नाणीं यांची छाननी कशी करावी याचे नियम आपल्याकडे आतां पुष्कळसे ठरून गेले आहेत. कागद अस्सल आहे कीं नक्कल, अक्षराचें वळण कोणत्या काळाचें, तिथि व वार यांचा मेळ बसतो कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून कोणीहि जबाबदार अभ्यासक एखाद्या पत्राचा आधार घेत नाहीं. चित्रांच्या बाबतींत मात्र इतकी सावधगिरी क्वचितच आढळते. चित्र हुबेहूब दिसलें कीं तें खरें मानण्याकडे आपला कल होतो. आणि हुबेहूब म्हणण्याचें कारण बहुधा एवढेंच असतें कीं तें यथार्थदर्शनाच्या, म्हणजे शाळेंत ज्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात त्याच्या, नियमांनीं काढलेलें असतें. जवळचे खांब मोठे, दूरचे लहान, जमिनीच्या व छताच्या रेषा एका बिंदूकडे धांवणाऱ्या, असें दालन पाहिलें म्हणजे आपण त्यांत पाऊल टाकावें असा भास होतो. या भासाची किंमत इतिहासाच्या दृष्टीनें किती, याचा विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

उदाहरणादाखल महाराष्ट्राच्या निकटच्या परिचयाचें एक चित्र घेऊं. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम व इंग्रज यांच्यामध्यें १७९० च्या जून महिन्यांत पुण्यास तह झाला. त्या तहाची मंजूर झालेली प्रत इंग्रजांचा वकील चार्ल्स वॉर मॅलेट यानें त्याच वर्षाच्या ऑगस्टांत सवाई माधवरावांस भर दरबारांत अर्पण केली. हा प्रसंग शनिवारवाड्यांतील गणेश रंगमहालांत झालेला दाखविणारें एक मोठें तैलचित्र टॉमस डॅनियल यानें १८०५ त पुरें केलें. तें हल्लीं लंडनच्या टेट संग्रहांत आहे. त्यावरून तयार झालेल्या छापील प्रतींमुळें आपल्या इतिहासग्रंथांच्या वाचकांस तें ओळखीचें आहे. शनिवारवाड्याच्या इमारती १८२८ च्या आगींत जळाल्या. त्यामुळें गणेश महाल कसा होता असें कोणी विचारलें तर आपण या चित्राकडे बोट दाखवितों. ज्या दालनाचें लांकूड उरलें नाहीं, त्याचे खांब व महिरपी आपल्या मनांत या एका चित्रामुळें उभ्या आहेत. म्हणूनच तें नीट वाचतां येणें अगत्याचें आहे.

(२)

चित्राचा कर्ता कोण, हा पहिला प्रश्न. मॅलेटनें हें काम प्रथम जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराकडे सोंपविलें होतें. वेल्स मुंबईस उतरला तो १७९१ त. म्हणजे दरबार होऊन गेल्यावर. त्यानें पुण्यास राहून पेशवे, नाना फडणीस वगैरेंचीं चित्रें काढलीं. परंतु १७९५ त त्याचें निधन झालें व दरबारचित्र अपुरें राहिलें. पुढें वेल्सचीं टांचणें व रेखाटनें हातीं घेऊन डॅनियलनें इंग्लंडांत तें पुरें केलें. डॅनियल १७९० त हिंदुस्थानांतच होता, पण तो उत्तरेकडे व बंगाल्यांत. पुण्याच्या दरबारांत नव्हे. सारांश, ज्या दोघांच्या हातून हें चित्र झालें त्यांपैकीं एकानेंहि तो प्रसंग पाहिलेला नाहीं. प्रसंग पाहिला तो चित्र काढविणाऱ्या मॅलेटनें, आणि त्या प्रसंगाचा नायकहि तोच.

यावरून चित्र खोटें ठरत नाहीं. वेल्सनें दरबार पाहिला नसला तरी पुणें व तेथील माणसें पाहिलीं होतीं. त्यामुळें या चित्रांत निदान दोन थरांचा पुरावा आहे: चेहरे, पोषाख व इमारत हा प्रत्यक्ष अवलोकनाचा थर, आणि कोण कोठें बसला हा ऐकीव माहितीचा व रचनेचा थर. हे दोन थर वेगळे आहेत हें ध्यानांत न येण्याचें कारण यथार्थदर्शनच होय. एका दालनांत, एका प्रकाशांत व एका लोपबिंदूच्या शिस्तींत सर्व मंडळी बसविल्यामुळें तें सगळें एका क्षणीं एका माणसानें पाहिलें असें वाटूं लागतें.

(३)

येथें शाळेंतील एक आठवण सांगितल्यास ती अप्रस्तुत होणार नाहीं. ड्रॉइंगच्या तासाला आम्हांस आमचाच वर्ग काढावयास सांगितला होता. मीं समोरची भिंत काढली, बांकांच्या रांगा काढल्या, आणि छताच्या तुळया मला ठाऊक होत्या तशा, म्हणजे समांतर, काढल्या. चित्र उघड्या पेटीसारखें दिसूं लागलें. मास्तरांनीं एक डोळा मिटावयास लावून फूटपट्टी हात ताठ करून समोर धरविली, ती तुळईच्या रेषेशीं जुळेपर्यंत कलती करविली, व तोच कल कागदावर उतरविण्यास सांगितलें. डोळ्याच्या पातळीवरच्या रेषा खालीं जात आहेत, पातळीखालच्या वर येत आहेत, आणि सर्व एकाच ठिकाणीं मिळत आहेत, हें त्या दिवशीं प्रथम कळलें.

खरा धडा दुसऱ्या दिवशीं मिळाला. माझी जागा दुसऱ्यानें घेतली होती म्हणून मीं भिंतीशीं जमिनीवर बसून तेंच चित्र पुरें करूं लागलों. एकहि रेषा जुळेना. मास्तरांनीं चित्र पाहून प्रथम विचारलें तें एवढेंच, कीं काल कोठें बसला होतास. दालन तेंच, बांकें तींच. पण डोळा हातभर खालीं आल्याबरोबर लोपबिंदु खालीं आला व सगळ्या रेषांचे कल बदलले. दालनाच्या चित्रांत दालनाबरोबर पाहणाराहि काढलेला असतो, ही गोष्ट मला पुस्तकांतून कळली नाहीं. ती त्या बिघडलेल्या कागदानें शिकविली.

मास्तरांचा तो प्रश्न प्रत्येक दरबारचित्रास विचारतां येतो. चित्रांतील मागें जाणाऱ्या रेषा पट्टीनें वाढवून त्या जेथें मिळतात त्या बिंदूंतून आडवी रेघ ओढावी. ती पाहणाऱ्याच्या डोळ्याची पातळी. पेशव्यांच्या दरबारांत मंडळी बिछाईतीवर बसत. ही रेघ बसलेल्यांच्या डोळ्यांतून जात असेल तर चित्रकारानें प्रेक्षकास दरबाऱ्यांच्या पंगतीस बसविलें असें होईल. ती उभ्या माणसांच्या डोक्यांवरून जात असेल तर तो दरबार दरबारांतील कोणाच्याहि डोळ्यांनीं पाहिलेला नव्हे. मिलान येथें लिओनार्दोनें १४९५ ते १४९८ च्या सुमारास भोजनगृहाच्या भिंतीवर काढलेल्या शेवटच्या भोजनाच्या चित्रांतहि लोपबिंदु ख्रिस्ताच्या मस्तकाशीं आहे, पण तो जमिनीपासून सुमारें पंधरा फूट उंच आहे. त्या भोजनगृहांत उभ्या असलेल्या कोणत्याहि माणसाचा डोळा तेथें पोंचत नाहीं. म्हणजे नियमाचा पूर्ण जाणकारहि पाहणाऱ्याची जागा विषयाच्या गौरवासाठीं हलवितो.

(४)

आतां मापांचा प्रश्न. अशा चित्रावरून दालन किती लांब व रुंद होतें हें काढतां येईल, असें पुष्कळांस वाटतें. थोडें गणित केल्यास त्यांतील अडचण दिसेल. समजा, समोरून काढलेल्या दालनाची मागची भिंत चित्रांत पुढच्या चौकटीच्या निम्म्या रुंदीची दिसते. प्रत्यक्षांत दोन्ही रुंद्या सारख्या आहेत. तेव्हां मागची भिंत डोळ्यापासून चौकटीच्या दुप्पट अंतरावर आहे, एवढें निश्चित. पण चित्रकार चौकटीपासून १० हातांवर बसला असेल तर दालन १० हात खोल ठरतें. ३० हातांवर बसला असेल तर तेंच दालन ३० हात खोल ठरतें. या दोहोंचें चित्र अगदीं सारखें येतें. चित्रकाराचें अंतर कळल्यावांचून खोली कळत नाहीं.

हें अंतर चित्रावरून काढावयाचें तर त्यांत एखादी निश्चित चौरस वस्तु आडवी पडलेली पाहिजे. चौरस फरशी असेल तर तिच्या कर्णांवरून तें काढतां येतें. दरबारांत फरशी बिछाईतीखालीं झांकलेली, आणि गालिचा चौरसच असेल असा नियम नाहीं. मात्र आपल्या वाड्यांचें मोजमाप हातांइतकेंच खणांनीं होत असे, आणि दोन खांबांमधील खण चित्रांत मोजतां येतात. यथार्थदर्शनांत लांबी आकसते, पण संख्या बदलत नाहीं. म्हणून अशा चित्रांतील संख्येचा पुरावा लांबीच्या पुराव्यापेक्षां बळकट समजावा. तोहि चित्रकारानें खांब मोजून काढले असतील तरच. कारण नियमशुद्ध दालन मनानेंहि रचतां येतें. कोल्हापुरचे आनंदराव व बाबूराव पेंटर यांनीं नाटकमंडळ्यांसाठीं पडदे रंगविले. अशा पडद्यावरील राजवाड्यांत शिरावें असें प्रेक्षकांस वाटे, पण तो वाडा कोठें बांधलेला होता असें कोणी विचारलें नाहीं. रेषांची शुद्धता ही चित्रकाराच्या शिक्षणाची साक्ष आहे, वास्तूची नव्हे.

(५)

या विवेचनाची दुसरी बाजू आपल्या जुन्या चित्रांविषयीं आहे. आमच्या चित्रकारांस यथार्थदर्शन येत नव्हतें. तें मॅलेट व वेल्स यांनीं शनिवारवाड्यांत काढलेल्या चित्रशाळेंत प्रथम शिकविलें, व पुढें १८५७ त मुंबईस स्थापन झालेल्या जमशेटजी जिजीभाई कलाशाळेनें तें रुजविलें, असें सरसकट लिहिलें जातें. त्यांतील शेवटचा भाग खरा आहे; पहिल्यास मर्यादा घातली पाहिजे. १५८० त गोंव्याहून अकबराच्या दरबारीं गेलेल्या जेसुइट पाद्र्यांनीं अँटवर्प येथें छापलेलें सचित्र बायबल त्यास नजर केलें. त्यानंतर मोगल चित्रकारांनीं युरोपीय चित्रांतून दूरचीं गांवें व झाडें लहान करण्याची रीति उचलली. पण गालिचा वरून पाहिल्यासारखा व त्यावरची माणसें समोरून, ही आपली पद्धति त्यांनीं सोडली नाहीं. पुण्याचा गंगाराम तांबट हा वेल्सबरोबर वेरुळाचीं लेणीं रेखाटणारा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें त्याचें चित्र १७९० चें, म्हणजे वेल्स येण्यापूर्वींचें आहे. त्याचीं चित्रें अमेरिकेंत येल येथील ब्रिटिश कलेच्या संग्रहालयांत आहेत. तेव्हां वेल्सनें त्याच्या हाताला नवें वळण लावलें असेल. पण हात त्यानें दिला नाहीं.

शिवाय जुन्या पद्धतीला केवळ अज्ञान म्हणणें इतिहासकाराच्या हिताचें नाहीं. आल्बर्टीनें १४३५ त यथार्थदर्शनाचे नियम लिहितांना चित्रास खिडकीची उपमा दिली. खिडकींतून पाहणाऱ्यास पुढचा माणूस मागच्याला झांकणारच. दरबारांत तर मुख्य गोष्ट ही कीं कोणाला कोठें बसण्याचा मान आहे. जुना चित्रकार जमीन उभी करतो, गादी वरून दाखवितो, व प्रत्येकास त्याच्या जागीं पुरा बसवितो. कोणी कोणास झांकीत नाहीं, आणि धनी इतरांहून मोठा असतो. त्याच्या चित्रावरून दालनाची उंची कळणार नाहीं. पण बैठकीचा क्रम तो डॅनियलपेक्षां स्पष्ट सांगतो. दोन्ही रीतींत कांहीं दाखविलें जातें व कांहीं लपविलें जातें. ज्याला जें विचारावयाचें तें त्यानें योग्य चित्रास विचारावें.

(६)

गणेश महालाच्या बाबतींत एक उपाय अजून हातचा आहे. शनिवारवाड्याचीं जोतीं आजहि जागेवर आहेत. महालाचें जोतें निश्चित करून त्याची लांबीरुंदी मोजावी, व तीं मापें चित्रांतील खणांस लावावींत. खोली जमिनीवरून कळली कीं वरच्या गणितानें उलट चालून चित्रकाराचें अंतर काढतां येईल. तें अंतर दालनाच्या आंत किंवा समोरच्या मोकळ्या जागेंत पडलें, तर वेल्सनें तेथें बसून रेखाटन केलें असावें या तर्कास बळ येईल. तें एखाद्या भिंतीपलीकडे पडलें, तर चित्रांतील दालन रचनेसाठीं ऐसपैस केलेलें आहे असें मानावें लागेल, आणि त्यावरून दरबाराच्या भव्यतेविषयीं केलेलीं विधानें तितकीं कमी करावीं लागतील.

या कामाला फूटपट्टी, दोरी व शाळेच्या ड्रॉइंगच्या तासाला मिळतें तेवढें ज्ञान पुरेसें आहे. मोडी वाचतां आल्यावांचून दप्तरांत शिरूं नये असें आपण विद्यार्थ्यांस सांगतों. त्याचप्रमाणें ज्यानें एकदां तरी एखादें दालन समोर बसून यथार्थदर्शनानें काढून पाहिलें नाहीं, त्यानें दरबारचित्रावरून वास्तूविषयीं निष्कर्ष काढण्याची घाई करूं नये, अशी नम्र सूचना आहे. जाणत्या अभ्यासकांनीं तिचा विचार करावा.